कमांड लाइनवरील इन्स्टॉलेशनच्या सूचना नवशिक्यांसाठी स्पष्ट कशा लिहाव्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कमांड लाइनवरून सॉफ्टवेअर इन्स्टॉल करण्याच्या सूचना बहुतेक वेळा अशी माणसे लिहितात, ज्यांना स्वतःला त्या सूचनांची गरज उरलेली नसते. त्यामुळे कमांड बरोबर दिलेली असते, पण ती कुठे चालवायची, चालल्यावर पडद्यावर काय दिसायला हवे आणि तसे दिसले नाही तर काय करायचे, हे लिहायचे राहून जाते. नवशिका नेमका तिथेच अडतो. पुढील प्रश्न सॉफ्टवेअर तयार करणारे, त्याची माहितीपत्रके लिहिणारे आणि ते शिकवणारे यांच्याकडून नेहमी येतात. या पानावर कमांडची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, कारण येथे त्या चालवायच्या नसून त्यांच्याविषयी बोलायचे आहे. प्रत्यक्ष सूचनांमध्ये मात्र कमांड जशी टाइप करायची तशीच, रोमन लिपीत असली पाहिजे.

नवशिका म्हणजे नेमका कोण?

ज्याला संगणक वापरता येतो, फाइल आणि फोल्डर म्हणजे काय हे माहीत आहे, पण ज्याने टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करण्याची खिडकी, कधी उघडलेले नाही किंवा कोणीतरी सांगितले म्हणून एकदोनदाच उघडले आहे, असा वाचक येथे अभिप्रेत आहे. तो आपापल्या क्षेत्रात तज्ज्ञ असू शकतो. जीवशास्त्राचा संशोधक, भाषेचा अभ्यासक किंवा हिशेबनीस यांपैकी कोणालाही एखाद्या दिवशी अचानक एखादे साधन इन्स्टॉल करावे लागते. म्हणून सूचनांचा सूर लहान मुलाला समजावल्यासारखा नसावा. वाचकाची बुद्धी कमी नसते, फक्त टर्मिनलचे अलिखित संकेत त्याला कोणी सांगितलेले नसतात, एवढेच. ‘फक्त’, ‘सहज’, ‘सोपे आहे’ असे शब्द सूचनांमधून काढून टाकावेत, कारण जे सोपे म्हणून सांगितले तेच जमले नाही की माणूस दोष स्वतःकडे घेतो आणि मदत मागायला संकोचतो.

पहिल्या कमांडच्या आधी काय सांगायला हवे?

टर्मिनल कसे उघडायचे, हे सर्वांत आधी सांगावे. मॅकवर ते ‘टर्मिनल’ या नावाने शोधल्यास सापडते. विंडोजवर मात्र कमांड प्रॉम्प्ट आणि पॉवरशेल हे दोन वेगळे शेल (कमांड वाचून चालवणारे प्रोग्राम) असून दोघांची भाषा सारखी नाही, त्यामुळे ‘कमांड विंडो उघडा’ असे मोघम लिहिले तर वाचक त्यांपैकी चुकीचा पर्याय निवडण्याची शक्यता बरीच असते. नेमके नाव लिहावे आणि ते उघडल्यावर कोणती ओळ दिसली म्हणजे आपण योग्य ठिकाणी आलो, हेही लिहावे.

त्यानंतर पूर्वअटी येतात. कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिची किमान कोणती आवृत्ती लागते, डिस्कवर साधारण किती जागा हवी, इंटरनेट लागते का आणि संगणकाचे ॲडमिन अधिकार लागतात का, हे आधीच कळले पाहिजे. शेवटची बाब फार महत्त्वाची आहे. संस्थेने दिलेल्या लॅपटॉपवर अनेकांना ॲडमिन अधिकार नसतात, आणि ते लागतात हे सहाव्या पायरीवर कळले तर तोपर्यंतचा सगळा वेळ वाया गेलेला असतो.

पूर्वअट लिहिताना तिची खात्री करून घेण्याची कमांडही सोबत द्यावी. ‘गिट इन्स्टॉल केलेले असावे’ एवढ्या वाक्याने नवशिक्याला काहीच कळत नाही. गिटची आवृत्ती विचारणारी कमांड चालवायला सांगून, आवृत्तीचा क्रमांक दिसल्यास पुढे जावे आणि न दिसल्यास गिट आधी इन्स्टॉल करावे, असे लिहिले की त्याला निर्णय घेता येतो. येथे आणखी एक बारकावा आहे. आवृत्तीचे क्रमांक दशांश अपूर्णांक नसतात, पण नवशिका ते तसेच वाचतो आणि पायथन ३.१० ही ३.९ पेक्षा जुनी आवृत्ती आहे असे समजतो. ‘३.९ किंवा त्यानंतरची, म्हणजे ३.१०, ३.११ इत्यादी’ असे लिहिल्याने हा गैरसमज टळतो.

कमांडच्या आधी डॉलरचे चिन्ह लिहावे का?

लिहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. $ हे चिन्ह म्हणजे शेलचा प्रॉम्प्ट, म्हणजे ‘मी तयार आहे, लिहा’ असे सांगणारी खूण. ती वाचकाने टाइप करायची नसते. जाणकारांना हे इतके अंगवळणी पडलेले असते की ते चिन्ह त्यांच्या नजरेला दिसतच नाही, पण नवशिका ते कमांडसकट कॉपी करतो आणि ‘कमांड नॉट फाउंड’ असा संदेश मिळवतो. शिवाय हे चिन्ह सगळीकडे एकच नसते. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून झेडशेल हा मूळ शेल झाला असून त्याचा प्रॉम्प्ट % ने संपतो, विंडोजवर तो ‘पेक्षा मोठे’ या चिन्हाने संपतो आणि लिनक्सवर रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या, वापरकर्त्यासाठी तो # असतो. पुस्तकात $ आणि स्वतःच्या पडद्यावर % दिसले की आपल्या संगणकात काहीतरी बिघाड आहे असे वाचकाला वाटू लागते.

एकाच चौकटीत कमांड आणि तिचे आउटपुट अशा दोन्ही गोष्टी दाखवायच्या असतील तर प्रॉम्प्टचे चिन्ह उपयोगी पडते, हे खरे आहे. तरीही त्याहून चांगला मार्ग म्हणजे दोन वेगळ्या चौकटी करणे आणि प्रत्येकीच्या वर ‘ही कमांड चालवा’ व ‘असे उत्तर दिसेल’ असे शब्दांत लिहिणे.

हीच काळजी # ने सुरू होणाऱ्या टिप्पण्यांबाबतही घ्यावी. बॅश या लिनक्सवरील नेहमीच्या शेलमध्ये अशी ओळ शांतपणे सोडून दिली जाते, पण झेडशेल टर्मिनलमध्ये थेट टाइप केलेल्या टिप्पण्या मूळ सेटिंगनुसार ओळखत नाही, त्यामुळे चौकटीत समजावणीसाठी घातलेली ओळच मॅकवर त्रुटी दाखवते. स्पष्टीकरण चौकटीच्या बाहेर, वाक्यात लिहावे.

वाचकाने स्वतःची माहिती भरायची जागा कशी दाखवावी?

माहितीपत्रकांमध्ये अशी जागा ‘पेक्षा लहान’ आणि ‘पेक्षा मोठे’ या चिन्हांच्या कंसात दाखवण्याची पद्धत रूढ आहे. नवशिक्यासाठी ती घातक आहे, कारण शेलमध्ये ही दोन्ही चिन्हे फाइलमधून वाचण्याच्या आणि फाइलमध्ये लिहिण्याच्या सूचना असतात. कंसासकट कमांड चालवली तर ‘अशी फाइल नाही’ किंवा ‘वाक्यरचना चुकली’ असा, मूळ चुकीशी संबंध नसलेला संदेश येतो आणि वाचक भलत्याच दिशेने शोध घेऊ लागतो. चौकोनी कंसही टाळावेत. ‘हा भाग ऐच्छिक आहे’ हा त्यांचा अर्थ मॅन्युअल वाचणाऱ्यालाच ठाऊक असतो.

बदलायचा शब्द मोठ्या अक्षरांत, अधोरेषेने जोडून लिहावा, चौकटीच्या लगेच वर तो बदलायचा आहे हे सांगावे आणि खाली भरलेले एक पूर्ण उदाहरण द्यावे. त्या उदाहरणातच फोल्डरच्या नावात मोकळी जागा असल्यास काय करायचे तेही दाखवावे, कारण नावात मोकळी जागा असलेले फोल्डर बहुतेकांच्या संगणकावर असते आणि अवतरणचिन्हांशिवाय शेल त्याचे दोन तुकडे करतो. याहून उत्तम उपाय म्हणजे बदलायची जागाच कमी करणे: घरच्या (होम) फोल्डरपासून सुरू होणारा पत्ता दिला तर वापरकर्त्याचे नाव भरावे लागत नाही.

कॉपी केलेली कमांड बरोबर असूनही का चालत नाही?

याची कारणे बहुधा डोळ्यांना न दिसणारी असतात. सूचना वर्ड प्रोसेसरमध्ये लिहून मग पानावर चिकटवल्या असतील तर सरळ अवतरणचिन्हांची वळणदार अवतरणचिन्हे होतात आणि लागोपाठच्या दोन हायफनचा मिळून एक लांब डॅश होतो. माणसाला दोन्ही सारखेच वाटतात, शेलला मात्र ती पूर्णपणे वेगळी अक्षरे आहेत. वाक्याच्या ओघात कमांड लिहिल्यास शेवटचा पूर्णविराम तिच्यासोबत कॉपी होतो. लांब कमांड उलट्या तिरक्या रेघेने तोडून पुढच्या ओळीवर नेली असेल आणि त्या रेघेनंतर चुकून एक मोकळी जागा राहिली असेल, तर ती कमांड अर्धवटच चालते. ही तोडण्याची खूणदेखील प्रत्येक शेलची वेगळी आहे: बॅशमध्ये उलटी तिरकी रेघ, कमांड प्रॉम्प्टमध्ये ^ आणि पॉवरशेलमध्ये उलटे अवतरणचिन्ह. म्हणून प्रत्येक कमांड स्वतंत्र चौकटीत, शक्यतो एकाच ओळीत आणि कॉपीच्या बटणासह द्यावी.

टर्मिनलमध्ये कॉपी आणि पेस्ट कसे करायचे, हेही एका वाक्यात सांगावे. लिनक्सच्या बहुतेक टर्मिनलमध्ये त्यासाठी शिफ्टही दाबावी लागते. नुसते कंट्रोल आणि सी दाबले तर कॉपी होत नाही, उलट चालू असलेली कमांड थांबते. इन्स्टॉलेशन सुरू असताना संदेश कॉपी करायला गेलेला वाचक ते इन्स्टॉलेशन नकळत बंद पाडतो, आणि हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

कमांडचे स्क्रीनशॉट द्यावेत का?

कमांडचे देऊ नयेत. चित्रातून मजकूर कॉपी करता येत नाही, स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला तो वाचता येत नाही आणि शोधही घेता येत नाही. इन्स्टॉलरच्या खिडकीतील एखादी खूण नेमकी कुठे आहे हे दाखवायला चित्र योग्य आहे, पण तेव्हाही तीच माहिती शब्दांत द्यावी.

एका चौकटीत किती कमांड द्याव्यात?

नवशिक्यासाठी एकच. पाच ओळी एकदम चिकटवल्या की टर्मिनल त्या एकामागून एक चालवत जाते. दुसरी ओळ फसली तरी तिसरी चालतेच. फोल्डर बदलण्याची कमांड फसली आणि पुढची कमांड ‘या फोल्डरमधील सगळे पुसा’ अशी असेल, तर ती भलत्याच फोल्डरमध्ये चालते, आणि तेव्हा नुकसान कायमचे असते. दुसरा प्रकार असा की पहिली कमांड मध्येच ‘पुढे जाऊ का?’ असे विचारते आणि चिकटवलेली पुढची ओळच तिला उत्तर म्हणून मिळते.

दोन & चिन्हांनी कमांड जोडल्यास पहिली यशस्वी झाली तरच दुसरी चालते, म्हणून काही लेखक तो मार्ग सुचवतात. मात्र विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये ही जोडणी चालत नाही. ती पॉवरशेल ७ पासून आली. शिवाय जोडलेल्या ओळीतील नेमका कोणता भाग फसला हे नवशिक्याला सांगता येत नाही, आणि मदत करणाऱ्याला पहिली गरज त्याच माहितीची असते.

अपेक्षित आउटपुट दाखवणे खरोखर गरजेचे आहे का?

एका शब्दात उत्तर द्यायचे तर होय. आणि या संपूर्ण पानावरील एकच सल्ला पाळता येणार असेल तर तो हाच पाळावा. युनिक्सच्या परंपरेत काम यशस्वी झाले तर कमांड सहसा काहीच बोलत नाही. जाणकाराला ही शांतता आश्वासक वाटते, तर नवशिक्याला वाटते की काही घडलेच नाही. मग तो तीच कमांड पुन्हा चालवतो, आणि दुसऱ्या वेळी ‘हे फोल्डर आधीच आहे’ असा संदेश आला की त्याची खात्रीच पटते की आपण काहीतरी बिघडवले. ‘या कमांडनंतर पडद्यावर काहीही दिसणार नाही आणि ते योग्यच आहे’ एवढे एक वाक्य हा सगळा गोंधळ थांबवते.

याच्या उलट, काही साधने शेकडो ओळी ओततात आणि त्यांत पिवळ्या अक्षरांतले इशारे असतात. एनपीएम या जावास्क्रिप्टची पॅकेज बसवणाऱ्या साधनाने दिलेल्या जुन्या पॅकेजविषयीच्या सूचना वाचून इन्स्टॉलेशन फसले असे समजणारे पुष्कळ असतात. अशा ठिकाणी संपूर्ण आउटपुट देण्याची गरज नाही. शेवटची कोणती ओळ दिसली म्हणजे काम झाले आणि मधल्या कोणत्या इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे, हे सांगावे. आउटपुटमधील जो भाग प्रत्येकाच्या संगणकावर वेगळा असेल, जसे आवृत्तीचा शेवटचा अंक, तारीख किंवा फोल्डरचा पत्ता, तो वेगळा दिसणे स्वाभाविक आहे हेही नमूद करावे, नाहीतर वाचक अक्षर न् अक्षर ताडून पाहत बसतो.

वेळेविषयीही बोलावे. एखादी पायरी काही मिनिटे हललीच नाही तर ती अडकली की चालू आहे, हे नवशिक्याला ओळखता येत नाही. आणि संपूर्ण इन्स्टॉलेशनच्या शेवटी साधन खरोखर चालते हे दाखवणारी एखादी छोटी, उपयुक्त कमांड अवश्य असावी. केवळ आवृत्तीचा क्रमांक छापण्यापेक्षा त्या साधनाचे खरे काम करून दाखवणारी असेल तर अधिक चांगले, कारण वाचक ज्यासाठी आला होता ते त्याला तिथे पहिल्यांदा दिसते.

सुडो वापरायला सांगताना काय लक्षात ठेवावे?

सुडो का लागते हे त्याच जागी सांगावे: ही कमांड संपूर्ण सिस्टिमच्या फोल्डरमध्ये लिहिणार आहे, म्हणून ती ॲडमिनच्या अधिकाराने चालवावी लागते. पासवर्ड टाइप करताना बहुतेक सिस्टिमवर पडद्यावर ठिपके किंवा तारकाही उमटत नाहीत, हे लिहायला विसरू नये. कीबोर्ड बंद पडला असे समजून येथेच थांबणारे वाचक खूप असतात. कोणता पासवर्ड द्यायचा हेही सांगावे, म्हणजे संगणकात लॉग इन करण्याचा, त्या सॉफ्टवेअरच्या खात्याचा नव्हे.

जिथे गरज नाही तिथे सुडो लिहू नये. ‘परवानगी नाही’ असा संदेश आला की आधी सुडो लावून पाहायचे, ही सवय आपल्या सूचनांमधूनच लागते. पिप (पायथनची पॅकेज बसवणारे साधन) किंवा एनपीएमसारख्या पॅकेज मॅनेजरसोबत सुडो वापरल्यास काही फाइल रूटच्या मालकीच्या होऊन बसतात, आणि मग साध्या कमांडही परवानगीअभावी फसू लागतात. तो गुंता सोडवणे नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचे असते.

‘कमांड नॉट फाउंड’ या संदेशाबद्दल किती समजावून सांगावे?

नेहमीच्या सूचनांमध्ये सांगतात त्यापेक्षा बरेच जास्त. हा संदेश वाचून वाचकाला वाटते की इन्स्टॉलेशन झाले नाही, म्हणून तो पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करतो. प्रत्यक्षात अनेकदा प्रोग्राम संगणकावर व्यवस्थित आलेला असतो. शेलला तो कुठे शोधायचा हे माहीत नसते, एवढेच. शेल प्रोग्राम शोधतो तो पाथ नावाच्या यादीतील फोल्डरांमध्ये, आणि त्या यादीबाहेर तो पाहत नाही. ही कल्पना तीन-चार वाक्यांत सांगता येते आणि ती एकदा कळली की पुढच्या कितीतरी अडचणी वाचक स्वतः सोडवतो, म्हणून तिच्यासाठी जागा द्यायला कचरू नये.

त्यासोबत व्यवहारातील दोन गोष्टी सांगाव्यात. पाथमधील बदल आधीपासून उघड्या असलेल्या टर्मिनलला कळत नाही, म्हणून इन्स्टॉलेशननंतर टर्मिनल बंद करून नवे उघडावे. निम्म्या तक्रारी येथेच मिटाव्यात, इतका हा उपाय साधा आहे. दुसरे म्हणजे पायथनच्या विंडोजवरील पारंपरिक इन्स्टॉलरमध्ये पायथनला पाथमध्ये घालण्याची चौकट मुळात रिकामी असते आणि ती पहिल्याच पडद्यावर असते, त्यामुळे ‘पायथन इन्स्टॉल करा’ असे लिहून पुढे जाणे पुरेसे नाही. ती चौकट राहिली आणि मग टर्मिनलमध्ये पायथन असे टाइप केले, तर विंडोज १० आणि ११ वर चक्क मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडू शकते, आणि वाचक तिथून दुसरेच पायथन इन्स्टॉल करून बसतो.

पायथनच्या साधनांच्या सूचना वारंवार का फसतात?

कारण एकाच संगणकावर एकाहून अधिक पायथन असू शकतात आणि नावे सर्वत्र सारखी नसतात. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, तरी त्या काळातील नावांचा वारसा शिल्लक आहे: लिनक्स आणि मॅकवर बहुधा नावापुढे ३ हा अंक लावावा लागतो, तर विंडोजवर तो लावत नाहीत किंवा ‘पाय’ हा लाँचर वापरतात. पिप थेट चालवण्याऐवजी पायथनला -एम पर्याय देऊन त्याच्यामार्फत पिप चालवायला सांगावे, म्हणजे पॅकेज ज्या पायथनमध्ये जायला हवे त्यातच जाते.

दुसरे कारण तुलनेने नवे आहे. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून आणि त्याच वर्षीच्या उबुंटू २३.०४ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने थेट पॅकेज टाकू दिले जात नाही. ‘हे वातावरण बाहेरून सांभाळले जाते’ अशा अर्थाचा संदेश येतो. त्या संदेशातच हा अडथळा मोडून काढणाऱ्या पर्यायाचे नाव असते आणि घाईतला नवशिका तोच वापरतो. म्हणून सूचना पहिल्यापासून व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रकल्पापुरती पायथनची वेगळी जागा) धरूनच लिहाव्यात, ते सुरू झाल्यावर प्रॉम्प्टच्या आधी कंसात त्याचे नाव दिसते हे दाखवावे, आणि नवे टर्मिनल उघडल्यावर ते पुन्हा सुरू करावे लागते हे ठळकपणे सांगावे. ‘काल चालत होते, आज चालत नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच असते. पॉवरशेलमध्ये ते सुरू करणारी स्क्रिप्ट विंडोजच्या मूळ धोरणामुळे अडवली जाऊ शकते, तेव्हा त्यासाठीची पायरीही लिहून ठेवावी.

विंडोज, मॅक आणि लिनक्स यांच्या सूचना एकाच ठिकाणी द्याव्यात का?

पान एक असले तरी चालेल, पण वाट वेगळी असावी. सुरुवातीला वाचकाने आपली सिस्टिम निवडावी आणि त्यानंतर शेवटपर्यंत त्याला दुसऱ्या सिस्टिमची एकही ओळ वाचावी लागू नये. प्रत्येक पायरीवर ‘विंडोजवर असाल तर’ अशी फाटेफोड केली की वाचक कुठेतरी चुकीच्या फाट्यावर जातोच. पुनरुक्ती होते, हे मान्य. ती सांभाळण्याचे कष्ट लेखकाने घ्यावेत.

ज्या सिस्टिमवर स्वतः चालवून पाहिले नाही तिच्यासाठी अंदाजाने कमांड लिहू नये. दिसायला सारख्या कमांडही वेगळ्या वागतात: पॉवरशेल ५.१ मध्ये कर्ल (लिनक्सवर इंटरनेटवरून फाइल उतरवणारी कमांड) हे नाव एका निराळ्याच कमांडचे टोपणनाव आहे, त्यामुळे लिनक्सवरून उचललेले पर्याय तिथे चालत नाहीत. मॅकमध्ये २०२० च्या अखेरीपासून ॲपलच्या स्वतःच्या चिप येऊ लागल्या. होमब्रू (मॅकवरील पॅकेज मॅनेजर) या नव्या संगणकांवर आणि इंटेलच्या संगणकांवर वेगवेगळ्या फोल्डरमध्ये बसते. चिप कोणती आहे हे कसे पाहायचे, तेही सांगावे.

इंटरनेटवरील स्क्रिप्ट थेट शेलला देणारी एकच ओळ द्यावी का?

ती ओळ सोयीची आहे आणि अनेक नावाजलेली साधने ती देतात. परंतु त्या ओळीतून वाचक, न पाहिलेला मजकूर स्वतःच्या अधिकाराने चालवत असतो, आणि सुडो जोडलेले असेल तर संपूर्ण संगणकाच्या अधिकाराने. आमच्या मते ओळ द्यायचीच असेल तर ती स्क्रिप्ट काय काय बदलते हे शब्दांत सांगावे आणि आधी उतरवून घेऊन, वाचून, मग चालवण्याचा मार्गही शेजारी ठेवावा. सिस्टिमच्या पॅकेज मॅनेजरमधून साधन मिळत असेल तर तोच मार्ग पहिला द्यावा. तिथे नवे पॅकेज घेण्याआधी यादी ताजी करण्याची पायरी मात्र वगळू नये, कारण यादी जुनी असेल तर एपीटीला (डेबियन व उबुंटूच्या पॅकेज मॅनेजरला) पॅकेज सापडत नाही.

त्रुटींचे संदेश कुठे आणि कसे द्यावेत?

ज्या पायरीवर ती त्रुटी येते तिथेच, लगेच खाली. शेवटी वेगळा विभाग करून सगळ्या अडचणी तिथे टाकल्या तर अडलेला वाचक तिथपर्यंत पोहोचतच नाही. संदेश मूळ इंग्रजीत, जसाच्या तसा द्यावा, म्हणजे शोध घेणाऱ्याला तो सापडतो, आणि त्याखाली अर्थ व उपाय लिहावा. अनोळखी त्रुटी आल्यास मदत मागताना कोणती माहिती सोबत द्यायची, म्हणजे चालवलेली कमांड, संपूर्ण आउटपुट आणि सिस्टिमची आवृत्ती, हेही सांगून ठेवावे. आउटपुटमध्ये पासवर्ड किंवा गुप्त टोकन असेल तर ते काढून टाकायला सांगणे ही लेखकाची जबाबदारी आहे.

अनपेक्षित ठिकाणी अडकलेल्याला बाहेर काढण्याचा मार्गही येथेच येतो. गिटने व्हिम हा मजकूर संपादक उघडला तर एस्केप दाबून, अपूर्णविराम, क्यू आणि उद्गारचिन्ह टाइप करून एंटर दाबावे. लांब मजकूर पानापानाने दिसत असेल तर क्यू दाबावे. कमांड थांबवायची असेल तर कंट्रोल आणि सी.

इतके सगळे लिहिले तर पान फार लांब होणार नाही का?

होईल, पण लांबी आणि वाचनाचा भार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८० च्या दशकात आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवखी माणसे संगणक कसा शिकतात याचे निरीक्षण केले, तेव्हा लोक जाडजूड पुस्तिका क्रमाने वाचत नाहीत, थेट काम करायला धावतात आणि वाटेत चुकतात, हे त्यांना दिसले. त्यांनी सुचवलेल्या पुस्तिकांमध्ये पार्श्वभूमी कमी आणि चूक ओळखून तिच्यातून बाहेर येण्याची माहिती अधिक होती. तोच विवेक येथे लागू पडतो. प्रकल्पाचा इतिहास, रचनेमागचे विचार आणि इन्स्टॉलेशनचे इतर पाच मार्ग दुसऱ्या पानावर न्यावेत. मुख्य पानावर एकच शिफारस केलेला मार्ग असावा, कारण नवशिक्याकडे पर्यायांतून निवड करण्याचा आधारच नसतो. निवड लेखकाने करून द्यावी.

मराठीतून सूचना लिहिताना वेगळी काय काळजी घ्यावी?

कमांडमधील अंक देवनागरीत लिहू नयेत, गद्यात ‘३.११’ शोभते, पण चौकटीत ते इंग्रजी अंकांतच (0 ते 9) हवे. कमांड टाइप करण्याआधी कीबोर्ड इंग्रजीवर आणायला सांगावे. नव्या फोल्डरचे नाव मोकळ्या जागेशिवाय, रोमन अक्षरांत ठेवायला सुचवावे, कारण काही जुनी साधने इतर लिपींतील पत्त्यांवर अडखळतात. लिनक्सवर लहान व मोठी अक्षरे वेगळी मानली जातात, हे देवनागरीत वाढलेल्या वाचकाला सहज लक्षात येत नाही, तेव्हा एकदा स्पष्ट सांगावे.

सूचना स्पष्ट झाल्या आहेत, हे कसे तपासावे?

स्वतःच्या संगणकावर चालवून पाहणे ही तपासणी नव्हे, कारण तिथे लागणारे सगळे आधीच बसवलेले असते. नुकतीच इन्स्टॉल केलेली सिस्टिम असलेल्या व्हर्च्युअल मशीनवर, कमांड पानावरून कॉपी करतच सगळे करावे. डॉकरच्या कंटेनरवर (प्रोग्राम चालवण्याच्या बंदिस्त वातावरणावर) विसंबू नये: उबुंटूच्या अधिकृत इमेजमध्ये आपण रूट असतो आणि सुडो नसतेच, त्यामुळे परवानगीच्या ज्या अडचणी वाचकाला येणार त्या तिथे दिसतच नाहीत.

त्यानंतर खऱ्या नवशिक्याला शेजारी बसवून त्याला पान वाचत काम करू द्यावे, आणि आपण मधे बोलू नये. हे कठीण जाते. उत्तर आपल्या ओठांवर असते. पण जिथे तो थांबला, जिथे त्याने तीच ओळ पुन्हा वाचली, जिथे त्याने ‘झालं का?’ असे विचारले, तिथे पानात वाक्य कमी आहे असे समजावे आणि ते लगेच लिहावे. तोंडी दिलेले प्रत्येक स्पष्टीकरण पानावर आलेच पाहिजे. एकाच माणसासोबत ही तपासणी दुसऱ्यांदा उपयोगी पडत नाही, कारण एव्हाना तो नवशिका राहिलेला नसतो.

सूचना किती दिवसांनी पुन्हा पाहाव्यात?

सॉफ्टवेअरची किंवा त्याला आधार देणाऱ्या सिस्टिमची नवी मोठी आवृत्ती आली की लगेच. पानावर शेवटची तपासणी केव्हा आणि कोणत्या सिस्टिमवर केली हे लिहावे, म्हणजे फरक दिसला तर वाचकाला कारणाचा अंदाज येतो.

साधन काढून टाकण्याच्या सूचनाही द्याव्यात का?

द्याव्यात, आणि त्यांचा दुवा पहिल्या पायरीच्या आधी असावा. आपण जे करणार आहोत ते पूर्ववत करता येते, हे माहीत असेल तर नवशिका धीराने प्रयोग करतो. इन्स्टॉलेशनने ज्या ज्या ठिकाणी बदल केला, म्हणजे प्रोग्रामचे फोल्डर, सेटिंगच्या फाइल, शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये जोडलेली पाथची ओळ, त्या प्रत्येक ठिकाणाचा उल्लेख करावा. फोल्डर पुसण्याची कमांड देताना पूर्ण पत्ता लिहावा, त्यात वाचकाने भरायची जागा ठेवू नये, आणि पुसण्याआधी त्या फोल्डरमधील फाइलची यादी पाहण्याची कमांड द्यावी.